अलंकार ओळखायचा कसा? खुणेच्या शब्दांपलीकडची वाट

‘सारखा, जसा, परी’ दिसलं की उपमा. ‘जणू, गमे, वाटे’ दिसलं की उत्प्रेक्षा. परीक्षेच्या तयारीत बहुतेकांना अलंकार असाच शिकवला जातो. खुणेचा शब्द हेरायचा, नाव लिहायचं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. गुण मिळतात आणि ते मिळायलाही हवेत. पण खुणेचा शब्दच नसलेली ओळ समोर आली की ही युक्ती तिथेच संपते, आणि मराठीतल्या उत्तमोत्तम ओळींपैकी पुष्कळशा नेमक्या अशाच आहेत. शिवाय नाव सांगता आलं म्हणजे कविता कळली, असा गैरसमज होतो तो वेगळाच.

अलंकारांची नावं किती पाठ करणार? भरताच्या नाट्यशास्त्रात चारच आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढच्या शास्त्रकारांनी भेद-उपभेद करत करत ही यादी वाढवली आणि अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंदा’त ती शंभराच्या पुढे गेली. एवढ्या व्याख्या डोक्यात ठेवण्यापेक्षा ओळीला चार-पाच प्रश्न क्रमाने विचारायची सवय लावावी. ती कायमची उपयोगी पडते.

पायरी पहिली: आधी साधा अर्थ लावा

ओळ मोठ्याने वाचा आणि तिचा अन्वय लावा. कर्ता कोण, क्रियापद कुठलं, कोण कोणाला काय म्हणतंय, हे साध्या गद्यात सांगता आलं पाहिजे. ही पायरी गाळणारे सर्वात जास्त चुकतात, विशेषतः मोरोपंतांची आर्या किंवा ज्ञानेश्वरीतली ओवी असेल तेव्हा. अर्थ लागण्याआधी अलंकार शोधायला गेलं की ओळखीचा एखादा शब्द दिसतो आणि आपण त्यालाच लटकून बसतो.

इथेच आणखी एक गोंधळ मिटवून टाकू. वृत्त आणि अलंकार या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. वृत्त म्हणजे लघु-गुरू अक्षरांचा ठरलेला क्रम. अलंकार म्हणजे त्या अक्षरांत किंवा अर्थात साधलेली चमत्कृती. एकाच वृत्तात अगदी वेगवेगळे अलंकार सुखाने नांदतात. त्याचं उदाहरण पुढे येईलच.

पायरी दुसरी: शब्द बदलून पाहा

ही माझ्या मते सगळ्यात कामाची कसोटी, आणि ती जुन्या अलंकारशास्त्रातलीच आहे. ओळीतला शब्द काढून त्याच अर्थाचा दुसरा शब्द घाला. गंमत गेली, तर तो शब्दालंकार. गंमत टिकली, तर अर्थालंकार.

महाभारताच्या विराटपर्वातल्या उत्तर या बढाईखोर राजपुत्राबद्दल मोरोपंत म्हणतात, ‘बालिश बहु बायकांत बडबडला’. आता हेच ‘पोरकट फार स्त्रियांमध्ये बरळला’ असं करा. अर्थ जवळपास तोच राहिला, पण ओळ मेली. त्या पाच ‘ब’कारांतच उत्तराची पोकळ बडबड ऐकू येत होती. म्हणून हा शब्दालंकार, आणि एकच वर्ण पुन्हा पुन्हा आल्यामुळे अनुप्रास. पण इथे थांबू नका. हा ‘ब’ इथे का आला, हा प्रश्न विचारा. ओठ आपटून फुटणारा वर्ण बाष्कळ बोलण्याला शोभतो, म्हणून. ज्या अनुप्रासात असं कारण सापडत नाही, तो नुसता कानाचा खेळ असतो.

यमकाची ओळख मराठी माणसाला वेगळी करून द्यायला नको. ‘सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानीं पडो, कलंक मतिचा झडो, विषय सर्वथा नावडो’ ही केकावलीतली प्रार्थना यमकामुळेच पिढ्यान्‌पिढ्या तोंडात राहिली. पण यमक कुठे पडतं हे मोजून पाहण्यात खरी मजा आहे. तुकोबांचा हा चरण घ्या:

आपुलें मरण । पाहिलें म्यां डोळां ।
तो जाला सोहळा । अनुपम्य ॥

अक्षरं मोजा. सहा, सहा, सहा आणि चार. यमक आहे ते दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्यात, ‘डोळां’ आणि ‘सोहळा’. चौथा तुकडा आखूड आणि यमकाविना मोकळा. मोठ्या अभंगाचा हा ठरलेला साचा. ओवीत पहिल्या तीन चरणांना यमक असतं आणि चौथा तसाच सुटतो. इंग्रजी वळणाच्या कवितेत आपण यमक ओळीच्या शेवटी शोधतो. अभंगात ते मध्येच बसलेलं असतं, त्यामुळे नजरेतून निसटतं. मोठ्याने म्हटल्यावर मात्र लगेच सापडतं.

श्लेषावर शब्द बदलण्याची कसोटी सर्वात झटपट चालते. ‘मित्राच्या उदयाने सर्वांनाच आनंद होतो’ यात ‘मित्र’ म्हणजे सवंगडी आणि सूर्यही. ‘सूर्याच्या उदयाने’ म्हणा, एक अर्थ गळून पडतो. हा अभंग श्लेष, कारण शब्द न फोडता दोन्ही अर्थ मिळतात. दमयंतीच्या तोंडची ‘औषध नलगे मजला’ ही ओळ सभंग श्लेषाची. ‘न लगे’ असं तोडलं तर औषध नको, ‘नल गे’ असं तोडलं तर नलराजा हेच माझं औषध. आई पहिला अर्थ ऐकते, वाचक दुसरा. दोन्ही अर्थ त्या प्रसंगात बसतात म्हणून हा श्लेष सरस. एक अर्थ ओढूनताणून आणावा लागला, तर त्याला नुसती कोटी म्हणावं.

पायरी तिसरी: तुलना असेल तर चार गोष्टी वेगळ्या काढा

अर्थालंकारांतला मोठा गट साम्यावर उभा आहे. त्यासाठी चार संज्ञा पुरतात. ज्याची तुलना करायची ते उपमेय. ज्याच्याशी करायची ते उपमान. दोघांत समान असलेला गुण तो साधारण धर्म. आणि जोडणारा शब्द तो साम्यवाचक, म्हणजे सारखा, जसा, सम, परी, वाणी वगैरे. या चारांपैकी कोण हजर आहे, कोण गायब आहे आणि उपमेय-उपमानांत किती अंतर उरलं आहे, एवढं पाहिलं की निम्मे अलंकार उलगडतात.

एकच जोडी घेऊन पाहू: भाकरी आणि चंद्र.

‘भाकरी चंद्रासारखी गोल आहे.’ चारही गोष्टी हजर, दोन्ही वस्तू आपापल्या जागी वेगळ्या. ही उपमा. ‘ती भाकरी म्हणजे जणू चंद्रच’ असं म्हटलं की कल्पना एक पाऊल पुढे गेली. दोन्ही एक आहेत असं वाटतंय, पण ‘जणू’मुळे ती कल्पना असल्याची कबुली शिल्लक आहे. ही उत्प्रेक्षा. ‘भाकरीचा चंद्र’ म्हटलं की कबुलीही गेली, दोन्ही एकरूप झाली. हे रूपक. ‘ही भाकरी नव्हेच, हा चंद्र’ असं म्हणून खऱ्या वस्तूलाच नाकारलं की अपन्हुती. आणि ‘तव्यावर चंद्र फुगला’ असं म्हटलं, तर उपमेयाचा उच्चारच नाही, उपमानाने त्याला गिळून टाकलं. तरी ‘तवा’ आणि ‘फुगला’ या दोन शब्दांमुळे भाकरी आपल्याला दिसते. संस्कृत शास्त्रकार याला अतिशयोक्तीचाच एक प्रकार मानतात.

आता बाजूच्या वाटा. ‘चंद्राला डाग आहे आणि त्याने पोटही भरत नाही, भाकरी त्याच्याहून थोर’ असं उपमेयाला वरचढ ठरवलं की व्यतिरेक. ‘भाकरीसारखी भाकरीच’, दुसरं उपमानच सापडत नाही, तो अनन्वय. ‘ही भाकरी की चंद्र?’ असं मन हेलकावत राहिलं तर ससंदेह. आणि भुकेल्या लेकराने पाण्यातल्या चंद्राला भाकरी समजून हात घातला तर भ्रान्तिमान.

शेवटच्या दोघांची गल्लत फार होते. ससंदेहात निर्णय झालेला नसतो, भ्रान्तिमानात चुकीचा निर्णय होऊन बसलेला असतो आणि बहुधा त्यानुसार काही कृतीही घडते. ती कृती शोधा. लेकराचा पाण्यात गेलेला हात हा पुरावा.

नारायण सुर्व्यांच्या ‘दोन दिवस’ कवितेतली ओळ आठवा: ‘भाकरीचा चंद्र शोधण्यातच जिंदगी बर्बाद झाली.’ रूपक, एवढं लिहून सोडून देता येईल. पण साधारण धर्म कुठला, ते विचारा. गोलपणा? तो तर वरवरचा झाला. याआधीच्या ओळींत खरा चंद्र शेकडो वेळा येऊन जातो, तारे फुलतात, रात्र धुंद होते. म्हणजे आकाशातला चंद्र न मागता मिळतोय. दूर आहे ती भाकरी. चंद्राचा दूरपणा आणि हाती न लागणं हा या रूपकातला न सांगितलेला धर्म आहे. प्रेमकवितांनी चंद्र जिथे नेऊन ठेवला होता, तिथे कामगाराच्या आयुष्यात भाकरी जाऊन बसली आहे. ‘साधारण धर्म काय?’ हा एक प्रश्न विचारला नसता तर हे हाती लागलंच नसतं. उपमेय-उपमान ओळखणं हे निम्मं काम, साधारण धर्म शोधणं हे उरलेलं निम्मं, आणि तेच जास्त मोलाचं.

व्यतिरेकाचं मराठीतलं सर्वात लाडकं उदाहरण ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आहे.

माझा मराठाचि बोलु कौतुकें ।
परि अमृतातेंहि पैजासीं जिंके ।
ऐसीं अक्षरें रसिकें । मेळवीन ॥

अमृताएवढी गोड, असं म्हटलं असतं तर उपमा झाली असती. ज्ञानेश्वर थेट पैज लावतात आणि जिंकतात. उपमान हरलं, म्हणून व्यतिरेक. ‘माझा मराठाचि बोलु’ यातला ‘चि’ही सोडू नका. बोली साधी मराठीच आहे खरी, ‘परि’ ती अमृताला हरवेल. आधी साधेपणा कबूल करायचा आणि मग पैज जिंकायची, या चढणीमुळे अलंकाराला जोर आला आहे.

पायरी चौथी: तुलना नसेल तर कवीने नेमकं काय केलं ते पाहा

निर्जीवाला किंवा मानवेतर वस्तूला माणसासारखं वागवलं असेल तर चेतनगुणोक्ती. कवी बींच्या ‘चाफा बोलेना, चाफा चालेना, चाफा खंत करी काही केल्या फुलेना’मध्ये बोलणं, चालणं आणि खंत करणं माणसाचं आहे, फुलणं मात्र झाडाचं स्वतःचं. चारही एका दमात, एका ओळीत आल्यामुळे चाफ्याचं न फुलणं हेसुद्धा रुसवा वाटायला लागतं. चेतनगुणोक्ती ओळखताना क्रियापदांच्या खाली रेघ मारत जा, अलंकार तिथेच असतो.

अतिशयोक्तीसाठी दमडीच्या तेलाचं लोकगीत घ्या. दमडीचं तेल आणलं, त्यात सासूबाईंचं न्हाणं झालं, मामंजींची शेंडी झाली, उरलेलं झाकून ठेवलं, त्याला लांडोरीचा पाय लागला, ओघळ वेशीपर्यंत गेला आणि त्यात उंट वाहून गेला. गाण्याचे पाठ घरोघर थोडे वेगळे मिळतील. पाहायचा तो चढता क्रम. न्हाण्यापासून थेट उंटावर उडी मारली असती तर हसू आलं नसतं. पायरीपायरीने विश्वास ताणत नेला आहे.

विरोधाभासात वाक्य वरवर अशक्य वाटतं आणि खोलवर ते खरं असतं. ‘आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां’ हा वर यमकासाठी घेतलेलाच चरण. स्वतःचं मरण स्वतःच्या डोळ्यांनी कोण पाहणार? पण मेला तो देहाचा अहंकार, हे कळलं की विरोध विरघळतो. कसोटी हीच: विरोध विरघळायला हवा. न विरघळणारा विरोध म्हणजे नुसती विसंगती.

दृष्टान्त आणि अर्थान्तरन्यास यांच्यात भलेभले अडखळतात. तुकोबा म्हणतात:

लहानपण दे गा देवा । मुंगी साखरेचा रवा ।
ऐरावत रत्न थोर । त्यासी अंकुशाचा मार ॥

आधी मागणं, मग ते पटवणारी दोन चित्रं. मुंगीला साखर, हत्तीला अंकुश. ‘जसं-तसं’ कुठेच नाही. ते घातलं असतं तर उपमेकडे झुकलं असतं. विधान आणि त्याचं प्रतिबिंब अशी दोन चित्रं शेजारी ठेवली की दृष्टान्त. अर्थान्तरन्यासात एक बाजू सर्वसामान्य नियम असते आणि दुसरी विशिष्ट घटना, आणि एकीने दुसरीला आधार दिलेला असतो. ‘कितीही समजावलं तरी त्याने काहीच मनावर घेतलं नाही, शेवटी पालथ्या घड्यावर पाणी’ असं आपण रोज बोलतो. घटना सांगून वर सर्वसामान्य म्हणीचं शिक्कामोर्तब करायचं, हे बोलीतल्या अर्थान्तरन्यासाचं रूप आहे.

आणि स्वभावोक्ती. हा अलंकार विद्यार्थ्यांना सर्वात अवघड जातो, कारण यात सजावट दिसतच नाही. रेव्हरंड टिळकांच्या ‘केवढे हे क्रौर्य’मधल्या मरणाऱ्या पक्षिणीचं वर्णन पाहा:

मातीत ते पसरले अति रम्य पंख,
केले वरी उदर पांडुर निष्कलंक,
चंचू तशीच उघडी, पद लांबवीले,
निष्प्राण देह पडला, श्रमही निमाले.

उपमा नाही, जणू नाही, उद्गार नाही. पंख, पोट, चोच, पाय. नजर एकेका अवयवावर थांबत जाते आणि शेवटी देहावर येते. जे जसं आहे ते तसं, पण नेमकं निवडून सांगितलेलं. ‘यात अलंकार नाही’ असं उत्तर इथे हमखास लिहिलं जातं. अशा वेळी कवीने कुठले तपशील घेतले आणि कुठल्या क्रमाने घेतले ते मोजा, उत्तर मिळतं.

पायरी पाचवी: न बोललेलं ऐका

अलंकाराच्या पलीकडेही एक थर असतो. शब्दाच्या तीन शक्ती मानल्या आहेत. कोशातला सरळ अर्थ देणारी अभिधा. सरळ अर्थ बसत नाही म्हणून जवळचा अर्थ घ्यायला लावणारी लक्षणा, जसं ‘अख्खं गाव जेवायला आलं’ यात घरं-रस्ते आलेले नसतात, माणसं आलेली असतात. आणि सरळ अर्थ बसत असूनही त्यापलीकडे काही सुचवणारी व्यंजना. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त हा सुचवलेला अर्थच काव्याचा प्राण मानला. पुढे मम्मट या शास्त्रकाराने याचं उदाहरण दिलं ते ‘सूर्य मावळला’ या साध्या वाक्याचं. ऐकणारा बदलला की त्याचा अर्थ बदलतो.

आपल्या घरातलं ‘तिन्हीसांजा झाल्या’ तसंच आहे. आजी ते अंगणात खेळणाऱ्या नातवाला म्हणाली तर आत ये, सुनेला म्हणाली तर दिवा लाव, झोपलेल्या मुलाला म्हणाली तर ऊठ. वाक्य एकच. कवितेत असं वाक्य आलं की कोण बोलतंय आणि कोणाला, हे आधी नक्की करा.

आता एक श्लोक पूर्ण सोडवू

येथे समस्त बहिरे बसतात लोक,
का भाषणे मधुर तू करिशी अनेक,
हे मूर्ख, यांस किमपीहि नसे विवेक,
रंगावरून तुजला गणतील काक.

कृष्णशास्त्री चिपळूणकरांचा हा श्लोक. साधा अर्थ आधी: इथले सगळे बहिरे आहेत, तू गोड बोलतोस कशाला, यांना पारख नाही, रंग पाहून तुला कावळा म्हणतील. लघु-गुरू लावले तर वृत्त वसंततिलका निघतं. वरचा टिळकांचा श्लोकही त्याच वृत्तात आहे. वृत्त तेच, पण तिथे स्वभावोक्ती होती आणि इथे काही वेगळंच चाललंय.

शब्द बदलून पाहा. लोक-अनेक-विवेक-काक ही जुळणी जाईल, म्हणजे कानाची गंमत आहे. पण मुख्य मजा टिकून राहील, म्हणजे गाभा अर्थालंकाराचा. तुलना आहे का? उघड नाही. मग ‘तू’ कोण? गोड आवाज आणि कावळ्याचा रंग, म्हणजे कोकिळ. चारही ओळींत ‘कोकिळ’ हा शब्द एकदाही नाही. आपण तो ओळखला, आणि ज्या सभेला तो ओळखता येत नाही तिच्यापेक्षा आपोआप वेगळे ठरलो. हे कवीने फार हुशारीने साधलं आहे.

आता शेवटचा प्रश्न, कोण कोणाला बोलतंय? बोलणं कोकिळाला, रोख मात्र अरसिकांसमोर गाणाऱ्या गुणी माणसाकडे आणि त्याहून जास्त त्या अरसिकांकडे. एकाला उद्देशून दुसऱ्याला लागेल असं बोलणं म्हणजे अन्योक्ती. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण म्हणजे अन्योक्तीची घरगुती व्याख्याच. उत्तर लिहिताना नुसतं ‘अन्योक्ती’ लिहू नका. कोणाला उद्देशून, कोणावर रोख आणि ओळीतल्या कुठल्या शब्दावरून ते कळलं, या तीन गोष्टी त्या श्लोकाला लावून लिहा. व्याख्या पाठ नसली तरी असं उत्तर पूर्ण उभं राहतं.

एका ओळीत दोन अलंकार सापडले तर घाबरायचं कारण नाही. ते तीळ-तांदळासारखे वेगवेगळे निवडता आले तर संसृष्टी, दूध-पाण्यासारखे मिसळलेले असले तर संकर. तुकोबांच्या मरणाच्या चरणात यमक कानाला लागतं आणि विरोधाभास मनाला. दोन्ही सहज सुटे होतात, म्हणून ती संसृष्टी.

सरावासाठी पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं घेऊ नका, तिथे उत्तर आधीच माहीत असतं. हरिपाठ, जात्यावरची ओवी, वर्तमानपत्राचा मथळा, लग्नातला उखाणा, जे कानावर पडेल ते घ्या. उखाण्यात तर बऱ्याचदा पहिली ओळ नुसत्या यमकासाठी आलेली असते आणि तिचा दुसरीशी अर्थाने काही संबंध नसतो. क्वचित एखादीचा असा उखाणा ऐकू येतो की पहिल्या ओळीतलं चित्र दुसऱ्या ओळीतल्या नावाला खरोखर लागू पडतं. तो मिळाला की उपमेय, उपमान आणि साधारण धर्म वेगळे काढून पाहा, आणि मग स्वतःचा एक रचा.